वाळू, उतार आणि पाणी: पेठेतल्या लहानग्यांसाठी तालीम मंडळांना खुले पत्र

प्रति,
कोल्हापुरातील सर्व तालीम मंडळांचे अध्यक्ष, पदाधिकारी आणि सभासद यांस,

स. न. वि. वि.

तुमच्या पटांगणातली ३० बाय २० फूट जागा आम्हाला हवी आहे. आखाडा नको, कुस्तीच्या मातीचा हौदा तर नकोच. मंडळाच्या ताब्यात जी मोकळी जागा असेल तिथला भिंतीलगतचा एक कोपरा पुरे. पेठेतली १ ते ३ वर्षांची मुलं तिथं वाळूत, उतारावर आणि पाण्यात खेळतील, एवढंच मागणं. ते कसं बांधायचं, काय घालायचं, काय अजिबात घालायचं नाही आणि पावसाळ्यात त्याचं काय होतं, हे सविस्तर लिहितो, म्हणजे बैठकीत 'बघू, करू' म्हणून विषय गुंडाळला जायला नको.

महापालिकेला न लिहिता तालमींना का लिहितोय? पहिलं कारण अंतर. मंगळवार पेठेतली आजी दीड वर्षाचं नातवंड कडेवर घेऊन रोज रंकाळ्यावर जाणार नाही. रविवारी जाईल, भेळ खाऊन परत येईल. या वयाच्या मुलाला आठवड्यातून एकदा बाग दाखवून भागत नाही, त्याला रोज आणि घराजवळ जागा लागते. पाच मिनिटांच्या चालीवर काही असेल तर ती तालीम. बागेतल्या घसरगुंडीची शिडीही पाच-सहा वर्षांच्या पोराच्या मापाची असते, दीड वर्षाच्या मुलाच्या ती छातीला लागते. अंगणवाडी आहे, पण तिथलं पूर्वप्राथमिक शिक्षण ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी. त्याखालच्या मुलांना आहार मिळतो, लस मिळते, वजन होतं. खेळायला जागा मात्र कुणाच्याच यादीत नाही.

दुसरं कारण तुमच्या पायाखाली आहे. पडणाऱ्याला आधी मातीनं सांभाळायचं असतं, हे तालमीला कुणी शिकवायला नको. तांबडी माती चाळून, तीत तेल, ताक, हळद, लिंबू, काव घालून, खणून-उकरून ती भुसभुशीत ठेवणारी माणसं तुमच्याकडेच आहेत. माती किती दिवसांत दबते आणि दबलेल्या मातीवर काय लागतं, हे तुम्हाला हातानं कळतं. लहान मुलांच्या खेळाच्या जागेचं निम्मं काम एवढंच असतं.

आणि वेळ. पहाटेचा व्यायाम आटोपून पैलवान घरी गेले की साडेआठपासून चारपर्यंत पटांगण रिकामं. लहान मुलांना बाहेर आणायची वेळ तीच, सकाळी साडेआठ ते साडेदहा. तुमचा एकही जोर-बैठकांचा तास मोडत नाही.

आता गरज किती, ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १ ते ४ वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करायला हवी, आणि जागेपणी त्याला एका वेळी तासाभराहून जास्त खुर्चीत, गाडीत किंवा कडेवर जखडून ठेवू नये. एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन अजिबात नको. दोन वर्षांपासून पुढं जास्तीत जास्त एक तास. दोन खोल्यांच्या घरात, जिथं गॅस खाली ठेवलेला आहे आणि दारासमोरच्या बोळातून स्प्लेंडर जातात, तिथं ही १८० मिनिटं कुठून आणायची? म्हणून मोबाइल हातात येतो. आयांना त्यावरून बोल लावण्यात काही अर्थ नाही.

हे वय नुसतं पळण्याचं नाही. बहुतेक मुलं १२ ते १५ महिन्यांच्या दरम्यान आधाराशिवाय चालू लागतात, दोन वर्षांपर्यंत धावतात, अडीचच्या आसपास दोन्ही पायांनी उडी मारतात, तिसऱ्या वर्षी एका पायावर क्षणभर उभी राहतात. हे सगळं सपाट फरशीवर अर्धवटच जमतं. दीड वर्षाच्या मुलाला दोन फुटी चढाच्या माथ्यावर सोडून बघा. ते थांबतं. एक पाय पुढं टाकून चाचपतं, मागं घेतं. मग बसतं, वळतं आणि पोटावर पालथं होऊन पायांनी खाली सरकतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. उतार किती आहे, माझं अंग किती जड आहे, पाय कुठं पोचतो, याचा हिशेब त्यानं स्वतः केला. उचलून खाली ठेवलेल्या मुलाला हा हिशेब करायला मिळत नाही.

वाळूचंही तसंच. मग भरायचा, ओतायचा, पुन्हा भरायचा, हे वीस-पंचवीस मिनिटं चालतं. बघणाऱ्याला कंटाळा येतो, मुलाला नाही. ओल्या वाळूचा मग जड, कोरडीचा हलका. चाळणीतून कोरडी पडते, ओली अडकते. मनगट किती वळवलं की धार लागते. 'जड', 'ओलं', 'आणखी', 'संपलं', 'वर', 'खाली' हे शब्द याच वेळी पक्के होतात, कारण शब्द कानावर येतो तेव्हा ती वस्तू हातात असते. दोन वर्षांचं मूल दोन शब्द जोडायला लागतं आणि त्यातला एक बहुधा 'अजून' असतो.

तर, वाळूचा खड्डा. आतून ६ बाय ६ फूट. एका वेळी सहा मुलं नीट खेळतात, आठ झाली की फावडी डोक्यात बसायला लागतात. एक फूट खोल खणा. तळाला ४ इंच खडी, २० एमएमची. तिच्यावर जिओ टेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण वाळू अडवणारं कापड. नसेल तर शेडनेट दुहेरी करून. गोणपाट घालू नका, एका पावसात कुजतं आणि वाळू खडीत उतरते. त्यावर १२ इंच वाळू. दबून ती ९ इंचांवर येते, आणि ९ इंच हीच किमान जाडी समजा; त्याखाली गेली की वाळू घाला. भोवती जमिनीपासून ६ इंच वर येईल असा ९ इंच रुंदीचा विटांचा कठडा बांधा, कोपरे गोल घोटून. पावसाचं लोंढ्याचं पाणी आत येत नाही आणि आजीला बसायला जागा होते. तळातून २ इंची पाइप उतारानं गटाराकडं काढा. हा पाइप विसरला की जुलैत खड्ड्याचं डबकं होतं. जागा काळ्या मातीची असेल तर खणूच नका. काळी माती पाणी सोडत नाही, त्यामुळं सगळं बांधकाम जमिनीवर उचलून घ्या आणि आत चढायला एक पायरी द्या.

वाळू लागते ३६ घनफूट, म्हणजे ब्रासच्या (१०० घनफूट) तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त. खडी १२ घनफूट. ट्रॉलीवाला अर्ध्या ब्रासखाली येणार नाही, उरलेली झाकून ठेवा, वर्षभर भर घालायला लागतेच. क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, घेऊ नका, कितीही स्वस्त पडली तरी. तिचे कण टोकदार असतात, कातडी खरवडते, आणि तिच्यातली बारीक डस्ट मुलांच्या नाकातोंडात जाते. गोल कणांची, धुतलेली, परवान्याची नदीची वाळूच हवी. घातल्यावर एकदा चाळून घ्या, शिंपल्यांचे तुकडे आणि काचा त्यातच निघतात. आणि हौद्यातली माती इथं आणू नका. ती तेलकट असते आणि या वयात जे हातात ते तोंडात.

खेळायला वाळू किंचित ओली हवी. आठ बादल्या वाळूला एक बादली पाणी, या मापानं ती मुठीत दाबली तर लाडू होतो आणि धूळही उडत नाही. सकाळी झारीनं शिंपडून पंजानं वरखाली करायला पाच-सात मिनिटं लागतात. आठवड्यातून एकदा तळापर्यंत उकरा, ऊन लागू द्या.

मांजर हा वाळूचा मुख्य शत्रू. मांजराच्या विष्ठेतून येणारे जंत मुलांना बाधतात, म्हणून खेळ संपला की खड्डा झाकलाच पाहिजे. ताडपत्री सपाट ताणली की मधे पाणी साचतं आणि त्यात डेंगीचा डास अंडी घालतो. मधे एक आडवा बांबू टाकून तिला दोन्हीकडं उतार द्या, कडेला विटा ठेवा. विष्ठा दिसली तर भोवतालच्या वीतभर वाळूसकट उचलून टाका, नुसती वरची काढून भागत नाही. पावसाळा संपल्यावर वर्षातून एकदा सगळी वाळू बदला. पंचगंगेचं पाणी पेठेत शिरलं, २०१९ किंवा २०२१ सारखं, तर ती वाळू धुऊन वापरायचा मोह टाळा. ड्रेनेज मिसळलेलं पाणी असतं ते. वाळू, कापड, दोन्ही फेकायचं.

दुसरी गोष्ट टेकडी. २ फूट उंच, तळाशी १२ फूट व्यास, म्हणजे एक फूट चढाला तीन फूट आडवं. याहून उभी केली तर मुलं चढतात पण चालत उतरू शकत नाहीत, सपाट केली तर शिकण्यासारखं काही उरत नाही. माती पाऊण ब्रास लागते, दबते म्हणून एक ब्रास आणा. तांबडी किंवा मुरूममिश्रित. नुसत्या काळ्या मातीची टेकडी पावसात पायाला मणामणाची चिकटते आणि मेमध्ये भेगाळते. सहा-सहा इंचांचे थर टाकून, पाणी मारून, धुम्मसानं चोपत चढवा. एकदम ढीग ओतून वरून चोपलं की पहिल्या वळवातच बाजू ढासळते. वर हरळी लावा. मुळं धरेपर्यंत, साधारण दीड-दोन महिने, रोज पाणी आणि चढायला बंदी. एका बाजूला दोन-तीन सपाट दगड निम्मे मातीत पुरून पायऱ्या करा, ४ ते ५ इंच उंचीच्या. बाकी टेकडीला काही लावू नका, टेकडी हाच खेळ आहे.

पाण्याचं थोडक्यात. पसरट घमेलं, त्यात २ इंच पाणी, मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर, आणि खेळ संपताच झाडाला ओतून घमेलं पालथं. एवढ्या पाण्यातही या वयाचं मूल बुडू शकतं, आणि बुडताना आवाज होत नाही. पटांगणातली टाकी, हौद, बांधकामाची पिंपं यांना झाकण आणि कडी असल्याशिवाय या कामाला हातच घालू नका.

सामान विकत आणायचं असेल तर एक नियम पाळा: प्रत्येक वस्तू एकाच रंगाच्या चार-चार आणा. दोन वर्षांची मुलं एकमेकांशेजारी खेळतात, एकमेकांबरोबर नाही. वाटून घेणं अजून यायचं असतं. एक लाल आणि तीन निळ्या बादल्या आणल्या की चौघांनाही लालच पाहिजे. दोन लिटरच्या बादल्या, कानाचे मग, पिठाची चाळणी, नरसाळं, लाकडी पळ्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्या, एवढ्यावर वर्ष निघतं. सव्वा इंच व्यासाच्या भोकातून जे खाली पडतं ते इथं ठेवायचं नाही: गोट्या, चिंचोके, बाटल्यांची बुचं. घशात अडकतात.

न आणायच्या गोष्टींत पहिला नंबर जुन्या टायरांचा. रंग मारून अर्धे पुरलेले टायर दिसतात छान, पण आत पाणी साचतं, उन्हात चटके बसतात आणि झिजलेल्या टायरातून तारा बाहेर येतात. दुसरा नंबर रंगीत रबरी फरशीचा. देणगीदाराला ती फार आवडते, उद्घाटनाच्या फोटोत उठून दिसते. ऊन चढलं की तिच्यावर अनवाणी पाय ठेववत नाही, आणि सपाटच ती, पायाला काही शिकवत नाही. ओंडके ठेवणार असाल तर ४ ते ६ इंच उंच, निम्मे खडीत पुरून, सालपट काढून. वाळवी लागू नये म्हणून त्यांना जळकं ऑइल फासायची आपल्याकडं सवय आहे. इथं नको, मुलं ओंडके चाटतातही. दोन-तीन वर्षांनी बदलायचे, संपलं.

घसरगुंडी हवीच असेल तर ती टेकडीच्या उतारावर टेकवून बसवा, म्हणजे खाली पडायला उंचीच राहत नाही. तोंड उत्तरेला करा. पत्र्याची असेल तर रोज हाताच्या पालथ्या बाजूनं तापमान बघा. आणि पाटी लावा: मुलाला मांडीवर घेऊन घसरू नये. प्रेमानं केलेली ही गोष्ट नडगीचं हाड मोडते. मुलाचा बूट कडेला अडकतो आणि मोठ्या माणसाचं वजन त्याला खाली ओढतं. एकटं घसरणारं मूल अडकलं तर नुसतं थांबतं.

ओपन जिमची यंत्रं या कोपऱ्यापासून लांब हवीत, त्यांच्या सांध्यांत बोटं चिरडतात. कुंपण तीन फूट पुरे, पण गजांमधली फट ९ सेंटिमीटरहून कमी ठेवा. त्याहून जास्त असेल तर अंग बाहेर जातं आणि डोकं अडकतं.

झाडांत कण्हेर, बिट्टी, धोत्रा, रुई, एरंड, गुंज असतील तर काढा. बिट्टीच्या बियांनी आपण खेळलो असू, तरी ती विषारीच. गाजरगवत उपटताना हातमोजे घाला. शेवगा सावलीला बरा वाटतो, पण पावसाळ्यात त्याच्यावर केसाळ सुरवंट येतात. सावली कडुनिंबाची, आणि कडेला तुळस, गवती चहा, झेंडू, जास्वंद. वास घ्यायला आणि पानं तोडायला.

आता तालमीच्या जागेचे खास धोके, जे बागेत नसतात. दुचाकी. तापलेल्या सायलेन्सरची उंची बरोबर या वयाच्या मुलाच्या मांडीला येते. कोपऱ्यापासून १५ फुटांत पार्किंग नाही, हे चुन्याच्या रेषेनं नाही तर दगड पुरून सांगा. मांडव. गणपती आणि नवरात्र उरकलं की पटांगणात खिळे, तारांचे तुकडे, सुतळी उरते. झाडू मारून खिळे निघत नाहीत. जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून सगळ्या पटांगणावरून दोनदा, एकदा उभं एकदा आडवं, ओढा. डबाभर निघतील. फटाक्यांचंही तेच, फुटके सुतळी बॉम्ब वेचल्याशिवाय मुलं सोडायची नाहीत. तिसरा, फुटबॉल. मुलं खेळत असताना या बाजूला किक नाही. मधे जाळी असली तरी नाही. पेठेच्या टीमचा सराव दुपारनंतर असतो, तेव्हा भांडण व्हायचं कारण नाही. कुत्री येतात ती मंडळाच्या जेवणावळीच्या खरकट्यामुळं, तेवढं बंद झालं की निम्मी कमी होतात. तरी ओरखडा उठलाच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात न्या. हळद, चुना भरत बसू नका.

पाऊस. जूनपासून चार महिने कोपरा बंद ठेवला तर वर्षाचा तिसरा हिस्सा गेला, आणि दीड वर्षाच्या मुलाच्या आयुष्याच्या हिशेबात तो फारच मोठा. खड्ड्यावर आठ फुटांवर पत्र्याची शेड टाका, पश्चिमेकडं तीन फूट जास्त काढून, कारण सरी तिकडूनच आत येतात. रिमझिमीत २० मिनिटं भिजून, घरी जाऊन अंग पुसून कोरडे कपडे घातले तर काही बिघडत नाही. ओल्या कपड्यांत बसवून ठेवलं तर बिघडतं.

माती खातात म्हणून घरची मंडळी घाबरतील. चव बघणं या वयाचं आहे, हात धुवायला नळ आणि साबण ठेवा, म्हणजे झालं. पण एखादं मूल शोधून-शोधून माती खात असेल तर रागवू नका, डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. अंगात लोह कमी असल्याची ती खूण असू शकते.

एक अवघड गोष्ट. ही मुलं एकटी येणार नाहीत, आई किंवा आजीबरोबर येतील. तालमीच्या आवारात बायकांनी येऊन दोन तास बसायची पद्धत नाही, हे आम्हाला माहीत आहे. आखाड्याच्या आणि मारुतीच्या तुमच्या मर्यादा आहेत तशाच राहू देत. कोपऱ्याला रस्त्याकडून वेगळं फाटक ठेवा, दोन पाठीचे बाक, आणि कुलूप नसलेलं, पाणी असलेलं एक स्वच्छतागृह. त्या वेळेत कट्ट्यावर पोरं बसून गुटखा खाणार असतील तर बाकीचं काहीही बांधू नका, एकही आई येणार नाही.

सोबत येणाऱ्यांना एवढंच सांगायचं, की मूल चढत असताना 'पडशील!' म्हणून ओरडू नका. ते वळून तुमच्याकडं बघतं आणि तेव्हाच पडतं. 'पाय कुठं ठेवतोस बघ' म्हणा, हाताच्या अंतरावर उभ्या राहा, आणि त्याला स्वतःहून जिथं चढता येत नाही तिथं उचलून ठेवू नका.

रोजची राखण म्हणजे दहा मिनिटं. ताडपत्री काढणं, नजर फिरवणं, वाळू उकरणं, पाणी मारणं, नंतर झाकणं. दोन सभासदांची आठवड्याची पाळी आणि भिंतीवर एक वही. खर्चाचा प्रश्न बैठकीत पहिला येणार. वाळू, खडी, माती, विटा आणि पत्रे यांची मापं वर दिलीच आहेत. आजचा दर लावा आणि तो आकडा गेल्या मिरवणुकीच्या साउंडच्या बिलाशेजारी मांडून बघा. राजर्षी शाहूंनी तालमींना आश्रय दिला आणि १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. दोन्ही कामं एकाच माणसाची होती.

सुरुवात दिवाळीनंतर करा. जमीन वाफशावर येते, खणायला सोपी जाते, आणि टेकडीवरची हरळी उन्हाळ्याआधी मुळं धरते. आधी फक्त वाळूचा खड्डा करा, टेकडी पुढच्या महिन्यात. जागा ठरली की आखणी करून द्यायला आम्ही येऊ. मापाची फीत आणि चुन्याची फक्की आमची. येताना पाण्याचा निचरा बघायचा आहे, तेव्हा आदल्या संध्याकाळी त्या कोपऱ्यात एक फूट खोल भोक खणून पाण्यानं भरून ठेवा. सकाळपर्यंत ते मुरलं नसेल तर खड्डा जमिनीवरच बांधायचा, हे आल्या आल्या ठरेल.

आपले,
बालशिक्षण, बालआरोग्य आणि बांधकाम या क्षेत्रांत काम करणारे काही कोल्हापूरकर